सावळीरामसाठी एक चांगली बिअर

कुंदनराव आहेरांनी उभ्या आयुष्यात दारूचा थेंब चाखला नव्हता, आणि ही गोष्ट त्यांनी कोणापासून लपवूनही ठेवली नव्हती. लग्नात, बारशात, एकदा तर कोणाच्या दहाव्यालाही त्यांनी ती सांगितली होती. सोसायटीचे सेक्रेटरी झाल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते जिन्याखाली फलक लावण्याचं: ‘आवारात मद्यपान करू नये व मद्य आणू नये. हुकुमावरून.’ हुकूम कोणाचा ते लिहिलेलं नव्हतं, पण अक्षर सगळ्यांच्या ओळखीचं होतं.

अशा माणसाला सावळीराम गांगुर्डेने बिअर आणायला सांगितली.

दोघेही ओझरच्या विमानांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. सावळीराम विमानाच्या पोटाखाली आडवा, तर कुंदनराव स्टोअर्सच्या टेबलामागे ताठ. पण नाशिकच्या द्वारका चौकातून सुटणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये दोघांचं बाक एकच, आणि त्या बाकावर नोकरीभर सावळीराम बोलला आणि कुंदनरावांनी ऐकलं. बोलणं सगळं खाण्याचं. कुठल्या गाड्यावरची मिसळ मालकाचं लग्न झाल्यापासून बिघडली, शेवभाजीला कुठला मसाला चालत नाही, असं. गालात तंबाखूची गोळी कायम. घास घ्यायचा तर ती बाहेर काढायची, घास संपला की पुन्हा जागेवर. आता त्याच जागी जिभेला गाठ आली होती, आणि डॉक्टरांनी जीभ काढायची असं सांगितलं होतं. थोडी नव्हे, जवळजवळ सगळी.

“कुंदन, शुक्रवारी जीभ जानार,” दवाखान्याच्या खाटेवर बसून सावळीराम म्हणाला. बोलताना त्याला दुखत होतं, तरी तो बोलतच होता. जणू उरलेला माल संपवून टाकायचा होता.

“हो,” कुंदनराव म्हणाले.

“त्याच्या आधी एक बिअर पायजे. चांगली.”

मग त्याने सांगितलं. फार वर्षांपूर्वी कारखान्यात एक परदेशी इंजिनिअर आला होता. गेस्ट हाऊसच्या न्हाणीघरात बादली ठेवून तो स्वतःपुरती बिअर करायचा. सावळीरामने त्याचा नळ दुरुस्त करून दिला, तेव्हा त्याने एक ग्लास पाजला. “ताज्या पावाचा वास होता रं तिला. भट्टीतून काढल्यावानी. त्याच्यानंतर आपन जी पेलो ती सगळी घोड्याची औषधं.”

“जावयाला सांग ना.”

“जावई गावभर करील. आन सगुणाला कळलं तर मेलोच. तिनं वणीच्या देवीला नवस बोललाय, मी बरा झालो तर घरात दारूचा थेंब येनार नाय.”

“मग देवीचा शब्द मोडतोस?”

“घरात म्हनाली ती. दवाखान्याचं काय बोलली नाय.” सावळीराम हसायला गेला आणि गाल धरून थांबला. “तू कधी पीत नाय. तुझ्यावर कोन संशय घेईल?”

कुंदनराव कायद्याने चालणारे. त्यांनी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर चष्म्यावरून बघत म्हणाले, “मी काही हो म्हणणार नाही.” आणि दारापर्यंत सोडायला येऊन हळूच म्हणाले, “मंगळवारनंतर अजिबात नको. आणि झोंबेल, सांगून ठेवा.” मंगळवारनंतर तशीही मिळाली नसती. गुरुवारी महापालिकेचं मतदान होतं आणि मंगळवारी संध्याकाळपासून ड्राय डे.

सोमवारी सकाळी कुंदनराव द्वारकेच्या एका वाइन शॉपसमोर रांगेत उभे राहिले. डोक्यावर हेल्मेट होतं, काच खाली. ते स्कूटरवर नव्हते हे रांगेतल्या सगळ्यांना दिसत होतं.

“चांगली बिअर द्या.”

“स्ट्राँग का माइल्ड?”

“चांगली.”

“काका, चांगली म्हणजे थंड. थंड हाय.”

कुंदनरावांनी बाटली हातात घेतली आणि म्हणाले, “आता परवाना.”

रांग एकदम शांत झाली. भिंतीवर ‘परवानाधारकांसाठी’ असं रंगवलेलं होतं. ते वाचणारा माणूस दुकानदाराला आजवर भेटला नव्हता. त्याने आतून मालकाला बोलावलं. मालक जेवणाच्या हातानेच आला. एक दिवसाच्या परवान्याचं पुस्तक खोक्याच्या तळाशी सापडलं, उंदराने एका कोपऱ्यात आपली सही केलेलं. त्यावर मद्य कशासाठी हवं तेही छापून ठेवलेलं होतं: आरोग्य जतन करण्यासाठी. ते वाचून कुंदनरावांचं पेन थांबलं.

“ओ काका,” मागून कोणीतरी ओरडलं, “आमच्या आरोग्याचं काय?”

कुंदनरावांनी सही केली. आधी स्वतः वास घेऊन बघावा, उगाच सावळीरामला फसवू नये, म्हणून ते बाटली पिशवीत घालून सोसायटीच्या गच्चीवर गेले. पाण्याच्या टाकीमागे त्यांनी झाकण काढलं. वास पावाचा नव्हता. ओल्या पत्र्याचा होता. त्यांनी पुन्हा नाक लावलं, आणि त्याच वेळी टाकीचा कॉक बघायला आलेले निकम समोर उभे राहिले.

या निकमांना डक्टमध्ये रिकामी बाटली टाकल्याबद्दल कुंदनरावांनी मागच्याच वर्षी नोटीस दिली होती. निकमांच्या चेहऱ्यावर आता जो आनंद पसरला तो त्यांच्या मुलीच्या लग्नातही कोणाला दिसला नव्हता.

“सेक्रेटरीसाहेब, गच्ची आवारात धरतात का हो?”

“मी फक्त वास घेत होतो,” कुंदनराव म्हणाले. हे अगदी खरं होतं. आणि जगात आजवर कोणी यावर विश्वास ठेवलेला नाही.

संध्याकाळपर्यंत सगळी इमारत हळहळली. पेन्शन लागली की माणसाला असं होतं, असं तळमजल्याने सांगितलं. दुसऱ्या मजल्यावरून कुंदनरावांच्या बायकोकडे, छायाताईंकडे, थालीपीठं आली आणि थालीपीठांखाली व्यसनमुक्ती केंद्राचा पत्ता. छायाताईंनी थालीपीठं वाढली, पत्ता ताटाशेजारी ठेवला आणि विचारलं, “अहो, नक्की झालंय काय?” कुंदनरावांनी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी पत्त्याची घडी करून ती बाजूला सारली. मग म्हणाल्या, “मिळेल ना चांगली?”

निकम रात्री स्वतः सल्ला द्यायला आले. त्यांना खरं कारण माहीत नव्हतं आणि नकोही होतं. “प्यायची तर नीट प्या, आहेर. कॉलेज रोडच्या मागे हर्षलचं छोटं दुकान आहे, तिथे जा. माझं नाव सांगा.” आणि जाताना त्यांनी पत्रकांचा एक गठ्ठा कुंदनरावांच्या हातात दिला. त्यांचा मेव्हणा निवडणुकीला उभा होता. “एवढी डिकीत राहू द्या. जिथे जाल तिथे चार ठेवत जा.” दुसरा कुठला दिवस असता तर कुंदनरावांनी त्यांना आचारसंहिता वाचून दाखवली असती. पण टाकीमागे सापडलेल्या माणसाला आचार नसतो. त्यांनी गठ्ठा घेतला.

हर्षलचं दुकान औषधाच्या दुकानाएवढं अरुंद होतं. संगणकाची नोकरी सोडून त्याने ते काढलं होतं आणि घरी अजून सांगितलेलं नव्हतं. त्याने कुंदनरावांना स्ट्राँग की माइल्ड असं विचारलंच नाही. त्याने विचारलं, “वास कसा हवाय, काका?”

कुंदनरावांना एकदम भरून आलं. दोन दिवसांत कोणीतरी पहिल्यांदाच मुद्द्याचं बोललं होतं.

“ताज्या पावाचा.”

हर्षलने फळ्यांवरून नजर फिरवली. देशोदेशीच्या बाटल्या होत्या. एकीवर तर साधूचं चित्र होतं. हर्षल म्हणाला, तिकडे बिअर करणारे साधूच. कुंदनरावांनी रामकुंडावरचे साधू आठवून बघितले आणि विषय सोडून दिला. “बाटलीत महिने गेले की तो वास राहत नाही,” हर्षल म्हणाला. “तुम्हाला काल-परवा झालेली बिअर लागेल. गंगापूर रोडला एका पबमध्ये योगिनी बिअर बनवते. आज दुपारीच जा, संध्याकाळी बंद होईल सगळं.”

त्याने पत्रकं मात्र ठेवून घ्यायला नकार दिला.

पबमध्ये अंधार होता आणि गाणं इतकं मोठं होतं की कुंदनरावांना आपली लाजही ऐकू येईना. हे एका परीने बरंच झालं. वेटरने लाकडी फळीवर चार इवलेसे ग्लास आणून ठेवले. कुंदनरावांनी पहिल्याला नाक लावलं. संत्र्याची साल. दुसरा. पिकलेलं केळं. बिअरला केळ्याचा वास यावा, आणि तो चुकून नव्हे तर मुद्दाम आणलेला असावा, हे त्यांच्या स्टोअर्सच्या बुद्धीत बसेना. तिसऱ्यात धूर होता. चौथा ग्लास त्यांनी नाकाशी नेला आणि तसाच धरून ठेवला.

“सर, ती प्यायची असते,” वेटर म्हणाला.

तेवढ्यात पायात गमबूट घातलेली एक मुलगी आतून आली. हीच योगिनी. हर्षलने फोन केला होता. “काका, नाकाने अर्धंच कळतं,” ती म्हणाली. “घोट घ्या.”

कुंदनरावांनी तिला का घेत नाही ते सांगायला सुरुवात केली, लग्न-बारशात सांगायचे तसंच, आणि मध्येच त्यांना त्याचा कंटाळा आला. त्याऐवजी त्यांनी सावळीरामचं सांगितलं. बादली, जीभ, शुक्रवार, सगळं. गाणं मोठं होतं म्हणून ओरडून सांगावं लागलं. जीभ काढणार हे दोनदा ओरडावं लागलं, आणि शेजारच्या टेबलावरची मुलं गप्प झाली.

योगिनीने गाणं बंद करायला सांगितलं. मग म्हणाली, “पण मग तुम्ही चव बघायलाच हवी. त्यांच्यासाठी नेताय ना?”

कुंदनरावांनी डोळे मिटून घोट घेतला. आधी गार, मग कडू. कडू गेल्यावर मागून सावकाश पाव आला, त्याची करपलेली कडसुद्धा. त्यांना वाटलं होतं काहीतरी मोठं कोसळेल. काहीच कोसळलं नाही. “हीच,” ते म्हणाले.

योगिनीने दोन लिटरची बाटली भरली, वर सील लावलं. “थंड ठेवा आणि हलवू नका.” नाशिकच्या रस्त्यांवरून स्कूटरने जाणाऱ्या माणसाला तिने हे अगदी मनापासून सांगितलं. कुंदनरावांनी बाटली छायाताईंच्या जुन्या शालीत गुंडाळली, डिकीत पत्रकांच्या गठ्ठ्याला टेकवून उभी केली आणि बैलगाडीच्या वेगाने निघाले.

दवाखाना एका वळणावर राहिला असताना निवडणुकीच्या भरारी पथकाने त्यांना थांबवलं. एवढ्या सावकाश कोण जातं, म्हणून.

डिकी उघडली. वर हात जोडलेला मेव्हणा: ‘आपला माणूस, हक्काचा माणूस.’ त्याच्या जोडलेल्या हातांवरून फेस ओघळत होता.

“अच्छा,” साहेब म्हणाले. “वाटप चाललंय.”

“माझ्याकडे परवाना आहे,” कुंदनरावांनी खिशातून कागद काढला. साहेबांनी तो वाचला. तारीख कालची होती. “आरोग्यासाठी,” त्यांनी मोठ्याने म्हटलं आणि शिपायाला दाखवला. मग वाकून कुंदनरावांच्या तोंडाचा वास घेतला. “प्यायलाय पण.”

“एकच घोट.”

“सगळे एकच घोट घेतात हो. बाटली कोणासाठी?”

कुंदनरावांनी हिशेब केला. नाव सांगितलं तर साहेब खात्री करायला दवाखान्यात जाणार, आणि खाटेशी सगुणाबाई बसलेल्या. “ते सांगता येणार नाही,” ते म्हणाले. यापेक्षा वाईट उत्तर निवडणुकीच्या दिवसांत दुसरं नसेल.

चौकीत पंचनामा झाला. बाटलीला कापड बांधून लाख ओतली. कुंदनरावांना एका हाताशी बाटली आणि दुसऱ्या हाताशी पत्रकं ठेवून उभं केलं आणि फोटो काढला. फोटोत ते बक्षीस समारंभातल्यासारखे दिसत होते. “यातली अर्धा ग्लास तरी...” त्यांनी हात जोडून विचारलं. “फक्त अर्धा. आजच लागेल.” साहेबांनी शिपायाकडे बघून मान हलवली. इतकी तलफ लागलेला माणूस त्यांनीही पाहिला नव्हता.

सुटून बाहेर आले तेव्हा सगळ्या दुकानांची शटर खाली होती.

बुधवारी सकाळी ते पुन्हा योगिनीच्या दारात गेले. नळांना सील लागलं होतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि त्यांना आत नेलं. मोठ्या पातेल्यात काहीतरी रटरटत होतं. “जवाचं पाणी आहे. यात यीस्ट घातलं की मग बिअर होते. अजून घातलेलं नाही, म्हणजे अजून दारू नाही. हे द्यायला मला कोणी अडवू शकत नाही, आणि त्यांना झोंबणारही नाही.” तिने थर्मास भरून दिला.

त्याच वळणावर त्याच साहेबांनी थर्मास उघडून वास घेतला. “काय हे?”

“पेशंटचं सूप.”

साहेबांनी झाकण लावलं. पण थर्मास परत देताना ते कुंदनरावांकडे जरा जास्त वेळ बघत राहिले.

दवाखान्यात सगुणाबाईंनीच ते कपात ओतलं. “काय हाय भाऊजी?” “जवाचं पाणी. शक्ती येते.” सावळीरामने कप तोंडाशी नेला आणि वास आल्याबरोबर थांबला. त्याने कुंदनरावांकडे पाहिलं. मग हळूहळू, दुखरी बाजू टाळत, सगळा कप संपवला.

सगुणाबाई कप धुवायला गेल्या तेव्हा तो म्हणाला, “वास तोच हाय. पन गोड हाय रं. ही बिअर नाय.”

“नाही. व्हायची आहे अजून.”

“कधी होईल?”

“दोन-तीन आठवड्यांनी.”

थर्मासच्या झाकणात थोडं राहिलं होतं, ते सावळीरामने जिभेने चाटून घेतलं.

शुक्रवारी सकाळी ऑपरेशन झालं. त्याच दिवशी मतमोजणीत मेव्हणा आपटला, आणि का आपटला याचा फोटो सोसायटीतल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर होता.

महिन्याभराने पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून खास सभा भरली. विषय एकच, सेक्रेटरी. पत्रकं ज्यांची तेच निकम सर्वांत मोठ्याने बोलत होते. त्यांच्या घराण्याचं नाव बिअरच्या बाटलीला चिकटलं होतं. कोणी म्हणालं आहेरांना उपचाराला पाठवा, कोणी म्हणालं आधी फलक उतरवा. कुंदनराव मान खाली घालून बसले होते. छायाताई जिन्याजवळ उभ्या होत्या आणि सारख्या फाटकाकडे बघत होत्या.

“शेवटचं विचारतो,” निकम म्हणाले. “दोन लिटर बिअर कोणासाठी होती?”

फाटकातून सगुणाबाई आत आल्या. त्यांच्या हाताला धरून सावळीराम. गळ्याला मफलर, नाकातून नळी, नळी गालाला पट्टीने चिकटवलेली. छायाताईंना राहवलं नव्हतं. त्यांनी सकाळीच जाऊन सगुणाबाईंना सगळं सांगितलं होतं.

सावळीराम खुर्च्यांमधून वाट काढत निकमांसमोर जाऊन उभा राहिला. कुंदनराव सोडले तर सभेतल्या कोणालाही तो ओळखत नव्हता. त्याने निकमांकडे बघितलं आणि तोंड उघडलं. मोठं उघडलं, दाताच्या डॉक्टरला दाखवावं तसं.

निकमांनी आत पाहिलं. मग जमिनीकडे पाहिलं.

“ह्यांच्यासाठी होती,” सगुणाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. “नवस माझा होता. मला सांगितलं असतं तर मीच आनून दिली असती. देवीचं मी बघून घेतलं असतं.” आणि मग कुंदनरावांकडे वळून, “भाऊजी, तुमी तरी सांगायचं.”

कुंदनरावांना तोंड वर करता आलं नाही. निकम घसा खाकरून म्हणाले, “पुढचा विषय. पाण्याची टाकी.” पुढचा विषय नव्हताच. तरी सगळे टाकीवर तावातावाने बोलले.

कुंदनरावांनी पद सोडलं. कोणी मागितलं नव्हतं, तरी सोडलं. खटला अजून चालू आहे. लाख लावलेली ती बाटली कुठल्याशा कपाटात पुरावा म्हणून उभी आहे आणि आतली बिअर केव्हाच आंबून गेली असणार, हे त्यांना आता कळतं.

नळी निघाल्यावर एका रविवारी दुपारी सावळीराम त्यांच्या दारात आला. हाताने स्कूटरची खूण केली आणि दुसऱ्या हाताने ग्लासची. सगुणाबाईंना माहीत होतं. त्यांनीच रिक्षात बसवून दिलं होतं.

योगिनीने त्या दिवशी काळी बिअर आणून ठेवली. सावळीरामने ग्लास दोन्ही हातांत धरला, डोळे मिटून खूप वेळ वास घेतला. मग ग्लास कुंदनरावांसमोर सरकवला आणि त्यांच्या ओठांकडे बोट केलं, नंतर स्वतःच्या कानाकडे.

कुंदनरावांनी घोट घेतला. “कडू आहे.”

सावळीरामने टेबलावर मूठ आपटली.

“चांगली कडू आहे,” कुंदनराव घाईने म्हणाले. मूठ पुन्हा आपटली. आयुष्यभर त्यांनी ऐकलंच होतं, बोलण्याचं काम दुसऱ्याचं होतं. त्यांनी आणखी एक घोट घेतला, तो तोंडात धरून ठेवला आणि शब्द शोधू लागले. “थांब. आधी कॉफीसारखी. बिनसाखरेची. मग... आमच्या गावी, देवळ्याला, आई तव्यावर भाकरी विसरायची ना, त्याचा पापुद्रा. काळा झालेला. तो चावल्यावर जसं, तसं. आणि गिळल्यावर घशाशी थोडी गोड. नाही, गोड नाही. गूळ करपला तर जसा होईल तशी.”

सावळीरामचे डोळे मिटलेले होते. त्याचा गाल हलला, आत काही चघळावं तसा. मग त्याने तोंड उघडलं आणि घशातून एक ओबडधोबड आवाज काढला. शेजारच्या टेबलावरच्यांनी वळून पाहिलं.

“अऊन.”

कुंदनरावांना ते स्पष्ट कळलं. त्यांनी वेटरला हाक मारली आणि दुसरा ग्लास सांगितला.